रणात मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो काय?

मराठवाड्यातील अनेक गावांत वेशीजवळ किंवा पडक्या देवळाच्या ओट्याला टेकून एखादा वीरगळ उभा असतो. त्याचे बहुधा तीन कप्पे असतात. खालच्या कप्प्यात लढाई चाललेली असते, कुठे गाईगुरे पळवून नेणाऱ्यांशी, कुठे शत्रूच्या घोडेस्वारांशी. मधल्या कप्प्यात मेलेल्या वीराला अप्सरा उचलून वर नेतात. वरच्या कप्प्यात तो स्वर्गात बसून शिवलिंगाची पूजा करतो. ज्यांना शेकडो वर्षे अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्यासाठी हा दगडच पोथी होता. त्या पोथीचा अर्थ सरळ आहे. धन्यासाठी मर, वर तुझी सोय केलेली आहे.

उपासक-उपासिकांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपण देव सोडले, अवतार सोडले, श्राद्ध आणि पिंडदान सोडले. घरातले माणूस गेले तर पत्रिकेवर आपण ‘स्वर्गवासी’ छापत नाही, ‘कालकथित’ छापतो. कारण आपल्याला स्वर्ग नको आहे. पण त्याच घरातला मुलगा फौजेत असताना मरण पावला, तर तीच माणसे फलकावर मोठ्या अक्षरात ‘वीरगती’ लिहितात. गती म्हणजे कुठे जाणे? हा वीर कुठे गेला? वीरगळाच्या मधल्या कप्प्यातून वरच्या कप्प्यातच ना? शब्द नकळत आला, हे खरे. पण शब्दाच्या मागून त्याचा मालकही घरात शिरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम पायदळाचा शिपाई घेत नाही, बॉम्बफेकी विमानातला तरुण घेतो. पायदळाच्या शिपायाला निदान समोरचा माणूस दिसतो. विमानातल्या तरुणाला खाली धुके, नदीची रेघ आणि रेल्वेचे रूळ दिसतात. तो ज्याला मारतो त्याचे तोंड त्याला कधीच दिसत नाही. असा एक तरुण, आपल्याला वाटते त्यापेक्षा, नांदेड-लातूरच्या फार जवळचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, त्याचा स्वतंत्र जिल्हा पुष्कळ नंतर, १९८२ साली झाला. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान होते. इंग्रजांच्या युद्धाला त्यांनी माणसे दिली, पैसा दिला. हैदराबादचे घोडदळ पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन लढले. आणि इंग्रजांच्या हवाई दलाच्या एका संपूर्ण तुकडीची विमाने निजामाच्या देणगीतून आली. ती तुकडी म्हणजे ११० क्रमांकाची ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रन. ती नोव्हेंबर १९१७ मध्ये इंग्लंडात उभी राहिली. डी. एच. ९ ए जातीची नवी विमाने सर्वांत आधी तिला मिळाली, आणि १९१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर ती फ्रान्सच्या पूर्व भागात गेली. जर्मनीच्या आतल्या भागातील कारखाने, रेल्वेची ठाणी आणि शहरे दिवसाढवळ्या बॉम्बने फोडणे, हे तिचे काम. विमानाच्या अंगावर रंगाने लिहिलेले असे की हे विमान हैदराबादच्या निजामांनी भेट दिले आहे.

ते विमान कसे होते? लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि पुढे चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन लिबर्टी इंजिन. माणसे दोन. पुढे वैमानिक. मागे निरीक्षक, त्याच्या हाताशी मशीनगन. डोक्यावर छप्पर नाही. पंधरा हजार फुटांच्या वर उघड्या खाचेत तासन् तास बसायचे, तिथे बोटे आणि गाल गोठतात. विमानाला आग लागली तर उडी मारायला हवाई छत्री नाही. इंग्रजांनी त्या युद्धात विमानातल्या माणसांना छत्री दिलीच नव्हती, बांधलेल्या फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना मात्र ती मिळत असे. मागे बसलेला निरीक्षक बहुधा विशी-बाविशीतला पोरगा. थवा करून जायचे, म्होरक्याच्या विमानाने बॉम्ब सोडले की मागच्यांनी सोडायचे, आणि शत्रूची विमाने तुटून पडली की थवा न मोडता परत फिरायचे. थवा मोडला की मरण.

ही स्क्वॉड्रन प्रत्यक्ष युद्धात जेमतेम अडीच महिने होती. तेवढ्यात तिने साडेदहा टन बॉम्ब टाकले. शत्रूच्या हातून सतरा विमाने गमावली आणि अपघातात अठ्ठावीस. २१ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी तिची सात विमाने परतली नाहीत. सात विमाने म्हणजे चौदा माणसे, काही मेली, काही कैद झाली. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले. त्याआधी ५ ऑक्टोबरला पडलेल्या विमानांपैकी एक, एफ १०१०, जवळजवळ धड अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले. त्यातले कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली कैद झाले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडात पोचले आणि १९७७ मध्ये इंग्लंडला परत आले. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात ते ठेवलेले आहे.

त्या तुकडीत नांदेडचा किंवा लातूरचा कोणी नव्हता. असणे शक्यच नव्हते. त्या युद्धात इंग्रजांच्या हवाई दलात अधिकारी म्हणून उडालेले हिंदी तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत मुंबईचा एक मराठी तरुण होता, श्रीकृष्ण वेलिंगकर. तो बॉम्बफेकी विमानात नव्हता, एकट्याने उडवायच्या लढाऊ विमानात होता. जून १९१८ च्या शेवटी तो जर्मन हद्दीत पडला आणि जखमांनी तिथेच मेला. त्याची कबर फ्रान्समध्ये आहे. आपल्या समाजाची गोष्ट तर आणखी निराळी. महारांची फौजेतली भरती इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात बंद केली होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. मरणाची परवानगीसुद्धा जात पाहून मिळत होती!

मग आपला या विमानांशी संबंध कोणता? संबंध पैशाचा. निजामाची तिजोरी मुख्यतः जमीनमहसुलावर चालत असे. गोदावरी-मांजरा काठच्या कुळाने कापूस आणि ज्वारी पिकवायची, पाटील-कुलकर्ण्याने वसूल गोळा करायचा, आणि तो वसूल तालुक्याच्या कचेरीत सुखरूप पोचवायचा कोणी? गावच्या महाराने. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पुढे वसुलाची थैली. महारकीच्या कामांत हेही एक काम होते, आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुत्याचे धान्य आणि शिळी भाकर. कोलोनकडे निघालेल्या त्या विमानाचा एखादा खिळा, एखादा कापडाचा तुकडा आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांखालून चालत गेलेला आहे.

आणि साल कोणते? १९१८. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. दाणा महागला. पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तिने कहर केला. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. म्हणजे ज्या आठवड्यांत निजामाच्या नावाची विमाने जर्मनीवर बॉम्ब टाकत होती, त्याच आठवड्यांत त्याच्या रयतेला तापात पाणी द्यायला घरात धडधाकट माणूस उरत नव्हते. युद्धातील सेवेबद्दल इंग्रजांनी निजामाचा मान वाढवला, ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ ही पदवी दिली, ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र म्हटले. दात्याला पदवी मिळाली, आकाशातल्या पोराला आग मिळाली, आणि ज्याने वसूल डोक्यावरून वाहिला त्याला तर आपण काय वाहिले हेही कळले नाही.

धम्मात दानाला पहिली पारमिता म्हटले आहे. म्हणून नवदीक्षित बांधवांनी येथे थोडे थांबून पाहावे. दान कशाचे, कोणाच्या घामातून आणि कोणाच्या हितासाठी, हे पाहिल्यावाचून देणे म्हणजे दान होत नाही. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. विकणे वर्ज्य, मग फुकट देणे पुण्याचे कसे होईल? कोणी म्हणेल, निजामाला धम्माचा दंडक कशाला लावता? त्याला लावत नाही, आपल्याला लावतो. कारण वर्गणीच्या पावतीवर मोठे नाव छापून आणण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही.

आता त्या विमानातल्या पोराकडे वळू. त्याच्यासारख्याच एका माणसाने भगवान बुद्धांना हा प्रश्न समक्ष विचारलेला आहे. संयुत्त निकायात ती कथा येते. योधाजीव नावाचा, शिपायांचा एक प्रमुख तथागतांकडे आला. म्हणाला, आमचे जुने आचार्य सांगत आले आहेत की जो योद्धा रणात जिवाच्या करारावर लढतो आणि लढता लढता मारला जातो, तो देवलोकात जातो. आपले म्हणणे काय? तथागत म्हणाले, हे राहू दे, मला विचारू नकोस. त्याने दुसऱ्यांदा विचारले, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तथागतांनी सांगितले की, लढताना त्या माणसाचे मन ‘हे मरोत, यांचा नाश होवो’ अशा विचाराने आधीच हीन झालेले असते. त्या मनाने मरणारा देवलोकात जात नाही, त्याची गती वाईट होते. आणि आचार्यांची ती समजूत म्हणजे मिथ्यादृष्टी आहे.

ते ऐकून योधाजीव रडू लागला. तथागत म्हणाले, म्हणूनच मी तुला नको म्हणत होतो. तेव्हा तो जे बोलला ते ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण असे म्हणालात म्हणून मी रडत नाही, असे तो म्हणाला. त्या जुन्या आचार्यांनी मला इतकी वर्षे फसवले, म्हणून मी रडतो.

हे रडणे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. घरातले देव नदीत सोडताना कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले ते देवांसाठी आले नव्हते, गेलेल्या पिढ्यांसाठी आले होते.

परंतु या सुत्तावरून कोणी असा निकाल काढील की बौद्धाने शस्त्र हाती धरूच नये, तर तो परमपूज्य बाबासाहेबांचा विचार नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी अहिंसेचे विवेचन केले आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद त्यांनी तिथे स्पष्ट केला. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते. त्याच ग्रंथात, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध पुकारायचे ठरवले तेव्हा सिद्धार्थाने संघात उभे राहून विरोध केला आणि त्यासाठी घरदार सोडले, असे बाबासाहेबांनी दाखवले आहे. पाण्याचा तंटा बोलून सुटण्यासारखा होता. तिथे युद्धाची गरज नव्हती, इच्छा होती.

दुसऱ्या महायुद्धात मात्र बाबासाहेबांनी नाझींचा पराभव झालाच पाहिजे, अशी भूमिका घेतली. वंशश्रेष्ठत्वाचे ते तत्त्वज्ञान आपल्याला नवीन नव्हते, इथे ते मनूच्या नावाने हजारो वर्षे चालू होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. पुढच्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या पलटणीत गेलेल्या तरुणाला कोणी स्वर्गाचे आमिष दाखवले नव्हते. पगार, बरोबरीची वागणूक आणि ताठ मान, एवढेच त्याला हवे होते. स्वर्ग काढून घेतला तर देशासाठी लढायला कोण जाईल, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

पण युद्ध न्याय्य असले म्हणजे त्यातला प्रत्येक बॉम्ब न्याय्य ठरतो काय? माझ्या मते नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग शहरावर रात्री आगीचे बॉम्ब टाकले गेले. आगीचे वादळ उठले आणि तीस हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत तळघरात लपलेल्या बाया आणि मुले होती. टाकणारी पोरेही सुटली नाहीत. इंग्रजांच्या बॉम्बर दलात सुमारे सव्वा लाख माणसे उडाली, त्यांतील ५५,५७३ मेली. पायदळाच्या शिपायालाही इतक्या मोठ्या प्रमाणात मरण क्वचित येते. त्यांतल्या प्रत्येकाने नाझींविरुद्ध उभे राहणे योग्य होते. झोपलेल्या शहराला आग लावायचा निर्णय मात्र त्यांच्यापैकी कोणीच घेतला नव्हता. तो खाली, उबदार खोलीत, नकाशासमोर घेतला गेला. पूर्वेकडे ब्रह्मदेशात, विहारांच्या त्या देशावर, हिंदी हवाई दलाच्या तुकड्या जपान्यांविरुद्ध व्हेंजन्स विमानांतून बॉम्ब टाकत होत्या. ‘हैदराबाद’ नावाची आणखी एक इंग्रज तुकडी, १५२ क्रमांकाची, त्याच आकाशात स्पिटफायर विमाने उडवत होती. निजामाचे नाव पुन्हा एकदा पंखांवर बसून युद्धाला गेले होते.

कर्माचे मूळ चेतनेत आहे, असे तथागत सांगतात. मग ज्याची चेतना मोठी, त्याचा वाटाही मोठा. मागच्या खाचेत गारठलेल्या पोराच्या मनात बहुधा दोनच गोष्टी होत्या: थवा सोडायचा नाही, आणि जिवंत परत जायचे. तो निर्दोष आहे असे मी म्हणत नाही, त्याने कळ ओढली आहे. पण सारे कर्म त्याच्या एकट्याच्या माथी मारून, आणि बदल्यात त्याला स्वर्गाचा चेक देऊन, वरचे सारे मोकळे होतात. स्वर्गाचा खरा उपयोग हाच आहे. मेलेला प्रश्न विचारत नाही, आणि त्याच्या आईने विचारू नये म्हणून तिला अप्सरा दाखवतात.

गरज आणि इच्छा यांतला भेद आपल्या दारातही घडून गेला आहे. १९१८ मध्ये दुसऱ्यांच्या शहरांवर बॉम्ब टाकायला विमाने देणाऱ्या त्याच निजामाच्या राज्यात १९४८ साली सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री चोरून बंदुका आणत होता. विमाने लँकेस्ट्रियन, म्हणजे जर्मनी जाळणाऱ्या लँकेस्टर बॉम्बरचेच नागरी रूप. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करणारा. त्यांचा जुलूम मराठवाड्याने भोगला होता, आणि त्यात आपलीही घरे होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले, भारतीय विमानांनी बिदर आणि वरंगळचे विमानतळ फोडले, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. इथपर्यंत गरज होती, असे मी मानतो.

त्यानंतर जे झाले ते मात्र इच्छेचे काम होते. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अहवालाप्रमाणे निदान २७ ते ४० हजार मुसलमान मारले गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त, आणि लातूर त्या वेळच्या उस्मानाबादेतच होते. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. मारले गेलेले बहुसंख्य लोक रझाकार नव्हते. विणकर होते, दुकानदार होते, कुळे होती. ज्या गावात वीरगळाला अजून शेंदूर लागतो, त्याच गावात एखादी बुजवलेली विहीरही असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

आपल्या वस्त्यांतून आजही मुले फौजेत जातात. जावीत. नांदेड, लातूरच्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटते. त्यांच्यापैकी एखादा परत आला नाही, तर पुण्यानुमोदनाच्या वेळी बोलायला उभे राहणाऱ्याने त्याचे नाव, गाव आणि पलटण सांगावी. तो कोणाच्या रक्षणासाठी उभा होता ते सांगावे. तो शाळेत कसा होता, बहिणीच्या लग्नाला सुट्टी काढून कसा आला होता, हे सांगावे. त्याला कोणी आणि कशासाठी पाठवले, हे विचारायचा आईला हक्क आहे, तिला गप्प करू नये. तो देवलोकात गेला, असे सांगू नये. तिसऱ्यांदा विचारले तरी सांगू नये. आणि फलक, हार, भाषणे आटोपून पाहुणे पांगले, की दोन शिकलेल्या पोरांनी मागे थांबावे. सुनेच्या निवृत्तिवेतनाचे कागद अर्धवट पडलेले असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जायला कोणी तरी लागते.